प्रश्न तुमचे, कात्री माझी : सुपरहिरोचा छापील पोशाख

ताणल्या जाणाऱ्या कापडाबद्दल गेल्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि या वेळच्या पत्रांत सगळे सुपरहिरोच निघाले. कुणाला पडद्यावरच्या पोशाखाची हुबेहूब प्रतिकृती हवी आहे, कुणाला लेकासाठी काहीतरी करायचंय, एकाला नक्षी विकायचीसुद्धा आहे. माझी उमेदीची वर्षं नाटकांचे कपडे बेतण्यात गेली; संगणकावर नक्षी काढून ती कापडावर छापून घेणं मी फार नंतर शिकले. त्यामुळे उत्तरांमधून शिंपीण जास्त बोलेल, संगणकवाली कमी. चालवून घ्या.

प्रश्न : ताई, अंगभर जाळीच्या रेषा असलेल्या एका सुपरहिरोचा पोशाख मला छापून घ्यायचाय. त्याचे समोरून आणि मागून काढलेले फोटो समोर ठेवून मी संगणकावर पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या अशी सगळी नक्षी काढली. पडद्यावर झकास दिसतंय. छापायला देऊ का? – अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी

उत्तर : थांब. अजून देऊ नकोस.

फोटोवरून नक्षी उचलण्यात एक फसगत असते. फोटो सपाट, अंग गोल. समोरून काढलेल्या फोटोत छातीच्या मधोमध असलेली चौकट खऱ्या मापाची दिसते, पण अंग जसजसं बगलेकडे वळतं तसतशा चौकटी फोटोत अरुंद होत जातात. मध्यापासून 60 अंश वळलेल्या जागी 4 सेंमी रुंदीची चौकट फोटोत जेमतेम 2 सेंमी दिसते. तू ती 2 सेंमीचीच काढली असणार. कापडावर ती तशीच छापली जाईल, अंगाबरोबर पुन्हा वळेल आणि समोरून बघणाऱ्याला 1 सेंमीची दिसेल. मग छातीवर मोकळं मैदान आणि बरगड्यांपाशी रेषांची चेंगराचेंगरी, असा प्रकार होतो. लोक त्याचा दोष शिवणीला देतात. बिचाऱ्या शिवणीचा काही संबंध नसतो.

जाळीची नक्षी अंगावर काढायची असते. हे मी शब्दशः म्हणतेय. ज्या कापडावर छापणार, तेच कापड कोरं घे आणि त्याचा पूर्ण पोशाख शिव. मागे चेन लावून, नीट मापात. दुसरं स्वस्तातलं कापड वापरून चालणार नाही, कारण त्याचा ताण वेगळा असतो आणि सगळा खटाटोप त्या ताणासाठीच चाललाय. तो पोशाख घालून उभा राहा, हात अंगापासून थोडे लांब ठेव आणि मार्कर एखाद्या धीराच्या मित्राच्या हातात दे. आधी पुढची आणि मागची मध्यरेषा, मग छाती, कंबर, कोपर, गुडघा यांच्या आडव्या खुणा. या झाल्या की जाळीच्या उभ्या रेषा, आणि सर्वांत शेवटी त्यांना जोडणारे आडवे कमानदार तुकडे. उभ्या रेषा एका रंगात, आडव्या दुसऱ्या रंगात काढा. पुढे संगणकावर गिरवताना डोळे वाचतील.

रेषा काढून झाल्यावर कोपर वाकव, गुडघा वाकव, बसून बघ. कोपराच्या आतल्या बाजूला चौकटी मिटतात, बाहेरच्या बाजूला फुगतात. संगणकासमोर बसून हे कळत नाही. तिथल्या तिथे रेषा सरकवून घ्या.

मग उसवण्याआधी प्रत्येक शिवणीच्या दोन्ही अंगांना, जिथे जिथे रेषा शिवण ओलांडते तिथे, जोडीजोडीने आकडे घाल. त्यानंतरच टाका उसव. कात्रीने शिवणीलगत कापून मोकळं करू नकोस, माया (शिवणीच्या बाहेर सोडलेलं जादा कापड) निघून जाते. उसवलेले तुकडे न ताणता, 10 सेंमीच्या चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर पसर, कॅमेरा बरोबर डोक्यावर आणि जितका उंच नेता येईल तितका उंच ठेवून फोटो काढ. कागदावरच्या चौकटी फोटोत चौरस दिसल्या तर माप भरवशाचं. मग इंकस्केपसारख्या रेषांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकास एक मापाने गिरव. इथे तुझं संगणकावरचं कसब कामी येईल. आतापर्यंत केलेलं कामही फुकट गेलं नाही. रेषांची जाडी, वळण, टोकांचा बाक हे सगळं त्यातून उचलता येईल.

आता शिवणी. नक्षी शिवणीवर जुळत नाही, असं तीन पत्रांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिवताना चूक दोन तऱ्हांची होते. एकात वरचं कापड खालच्यावर शिवणीच्या दिशेने सरकतं. दुसरीत माया कमीजास्त घेतली जाते, म्हणजे 1 सेंमीऐवजी 1.2 सेंमीवर टाका पडतो. पहिली चूक शिवणीला काटकोनात येणाऱ्या रेषेवर सर्वांत जास्त दिसते. तिच्यावर उपाय सोपा आहे : आकड्यांपाशी टाचण्या, त्यावर कच्चा टाका, मगच मशीन. दुसरी चूक खरी छळते, आणि ती तिरप्या रेषांवर दिसते. शिवणीशी 30 अंशांचा कोन करून सरळ पलीकडे जाणारी रेषा घे. दोन्ही बाजूंची माया 2-2 मिमी जास्त घेतली गेली, तर त्या रेषेची दोन टोकं जवळजवळ 7 मिमीने चुकतात. काटकोनातल्या रेषेला याच चुकीने काही होत नाही. म्हणून जाळीच्या रेषा शिवणीपाशी येताना हळूच वळवून शक्य तितक्या काटकोनात ओलांडू द्याव्यात. मध्यरेषेवर शिवण असेल आणि दोन्ही बाजूंची नक्षी आरशातल्यासारखी असेल तर मात्र काळजी नको; माया दोन्हीकडे सारखी चुकली तर दोन्ही टोकं एकाच दिशेला सरकतात आणि जुळलेलीच राहतात. मागची चेन म्हणूनच मध्यरेषेवर सोपी जाते.

त्याहून चांगलं म्हणजे शिवणच अशा जागी नेणं, जिथे नक्षीत आधीपासून रंग बदलतोय. लाल संपून निळा सुरू होतो ती कड म्हणजे शिवणीला मिळालेली आयती जागा. बगलेतून सरळ खाली शिवण घालायची सवय साध्या सदऱ्याची आहे, ती इथे पाळायलाच हवी असं नाही.

आणि प्रत्येक तुकड्याची नक्षी कापायच्या रेषेच्या बाहेर चहूबाजूंनी 2 सेंमी वाढव. कापताना कात्री जरा बाहेर गेली तर पांढरी कड दिसायला नको. कापायची रेषा फिक्या राखाडीत, बारीक. काळी काढलीस तर कुठेतरी शिवणीतून डोकावेलच.

प्रश्न : मी छातीवरचं चिन्ह कंपासने काढावं तसं नेमकं गोल काढलं होतं. छापून, शिवून, घालून पाहिलं तर ते आडवं अंडं झालं. छपाईवाला म्हणतो त्याची चूक नाही. – एक वाचक

उत्तर : त्याचं बरोबर आहे. अंगाला चिकटून बसणारा पोशाख अंगापेक्षा लहानच बेततात. तुमची छाती 100 सेंमी आणि पोशाखाचा घेर 90 सेंमी असेल, तर 90 सेंमीवर छापलेली प्रत्येक गोष्ट 100 सेंमीवर पसरणार. अंगावर 20 सेंमी रुंद दिसायला हवं ते चिन्ह फाइलमध्ये 18 सेंमी रुंद काढावं लागतं. उंचीचा हिशेब वेगळा. कापड उभ्या दिशेला 5 टक्केच ताणलं जात असेल, तर उंची 19 सेंमी. म्हणजे फाइलमध्ये उभं अंडं काढायचं, तेव्हा अंगावर गोल मिळतं.

पण हा ताण अंगभर सारखा नसतो. छातीवर जास्त, कमरेत कमी, मांडीवर भलताच. अंदाज करत बसण्यापेक्षा कोऱ्या पोशाखावर, तो सपाट अंथरलेला असताना, ठिकठिकाणी 10 सेंमीचे चौकोन काढा. मग तो घाला आणि चौकोन मोजा. कुठे 11 बाय 10.4, कुठे 10.5 बाय 10.8, जे काय येईल ते लिहून ठेवा. त्या त्या जागच्या नक्षीला त्याच प्रमाणात भागायचं.

यात आणखी एक भानगड असते, उष्णतेची. सब्लिमेशन छपाईत नक्षी आधी कागदावर उलटी छापतात आणि मग साधारण 190 ते 205 अंश सेल्सिअसला कापडावर दाबतात. एवढ्या उष्णतेत कापड थोडं आखडतं. म्हणून पहिल्या नमुन्यात 50 बाय 50 सेंमीची चौकट छापून घ्या. ती उभी 49 आणि आडवी 49.5 भरली, तर फाइल उभी 102 टक्के आणि आडवी 101 टक्के करून द्यायची. उभ्या-आडव्याचा आकडा एकच धरू नका.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की गुडघ्यावर काळा रंग राखाडी पडतो. तोही ताणच. छपाईचा रंग पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो, त्यातल्या लवचीक धाग्याला तो नीट धरत नाही, आणि विणीच्या आतलं पांढरंही तसंच राहतं. फार ताणलं की ते वर येतं. गुडघ्यावर आणि पोटरीवर घेर जरा सैल ठेवा आणि पुढच्या वेळी घट्ट विणीचं, वजनदार कापड घ्या. चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅमचं असलं तर बरं.

प्रश्न : संगणकावर लालभडक दिसणारा रंग कापडावर विटकरी आला. निळा जांभळट झाला. फाइलमध्ये काय बदलू? – हौशी वेशभूषाकार

उत्तर : फाइलमध्ये लगेच काही बदलू नका. आधी रंगांचा तक्ता छापून घ्या.

पडदा उजेड फेकून रंग दाखवतो, कापड उजेड गिळून. छपाईतला लाल म्हणजे किरमिजी आणि पिवळ्या शाईचं मिश्रण, निळा म्हणजे आकाशी आणि किरमिजीचं. पडद्यावरचे काही झगझगीत रंग या शायांच्या आवाक्यातच नसतात. त्यातून प्रत्येक यंत्र, शाई, कागद, कापड आणि दाबण्याचा वेळ मिळून निकाल ठरतो. एकाकडे चपखल उतरलेला रंगाचा आकडा दुसऱ्याकडे वेगळा येतो. म्हणून कुणी ‘अमुक हिरोचा लाल म्हणजे हा आकडा’ असं छातीठोक सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा.

तक्ता असा करा. तुम्हाला हवासा वाटणारा लाल मधोमध. डावीकडे तो थोडा थोडा पिवळ्याकडे, उजवीकडे किरमिजीकडे. वर फिका, खाली गडद. प्रत्येक चौकोन 5 सेंमीचा, लहान केला तर डोळ्याला शेजारच्या रंगाची बाधा होते. प्रत्येकाखाली त्याचा आकडा छापा. तसाच निळ्याचा, राखाडीचा. त्याच कापडावर, त्याच छपाईवाल्याकडून. कापडावर उतरलेला तक्ता हातात आला की पडद्याकडे बघायचंच नाही. समोरचा संदर्भ आणि कापडाचा चौकोन जवळ धरून निवडायचं, एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा दिव्याखाली. दिवसा जुळलेले दोन रंग दिव्याखाली फारकत घेतात. कार्यक्रम कुठे आहे त्यावर कौल द्या. आणि दाबण्याआधीच्या कागदावरचा रंग पाहून घाबरू नका, तो मरगळलेलाच असतो. काळा तपकिरी झाला तर मात्र छपाईवाल्याला विचारा. उष्णता किंवा वेळ जास्त झाला की असं होतं.

संदर्भाबद्दल एक बोलते. ‘खरा रंग’ म्हणताना नेमका कुठला खरा? सिनेमाच्या पडद्यावरचा रंग दिव्यांमधून आणि नंतरच्या रंगकामातून गेलेला असतो. प्रदर्शनात काचेमागे ठेवलेला तोच पोशाख वेगळा दिसतो. आणि मूळ छापील पानांवर गेलात तर गंमतच आहे. 1938 साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला तेव्हा हलक्या कागदावर चार शायांच्या ठिपक्यांतून जे काय जमेल तो त्याचा रंग होता. त्या काळी काळ्यावरची चमक दाखवायला निळा वापरायची पद्धत होती, त्यामुळे निळा दिसणारा भाग चित्रकाराच्या मनात काळाही असू शकतो. एक संदर्भ निवडा, तो भिंतीला लावा आणि बाकीचे मिटून टाका. दोन संदर्भांचं सरासरी काढलेलं कडबोळं कुणालाच ओळखू येत नाही.

पोशाखाचे सगळे तुकडे एकाच वेळी छापून घ्या, आणि जमलं तर एक बाही जादा. नंतर छापलेला तुकडा शेजारच्याशी जुळेल याची खात्री कुणी देणार नाही.

प्रश्न : सुती कापडावर, किंवा आधीच लाल असलेल्या कापडावर अशी छपाई होईल का? आणि सोनेरी रंग?

उत्तर : सुतीवर नाही, या शाया पॉलिएस्टरमध्येच मुरतात, सुतीवर बसल्यासारख्या दिसतात आणि धुण्यात जातात. लाल कापडावरही नाही, कारण या छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कोरं सोडलेलं कापड. लालवर काळ्या रेषा तेवढ्या निघतील. नायलॉनच्या चमकदार लायक्राला वेगळ्या शाया लागतात आणि वाफ द्यावी लागते, तसं करणारा छपाईवाला असेल तरच त्या वाटेला जा. सोनेरी छापता येत नाही. पिवळ्या-तपकिरी छटांनी सोन्याचा भास करता येतो, लांबून तो चालतोही. पण पट्टा, मनगटपट्टी, बूट यांना सरळ वेगळं सोनेरी कापड लावावं असं माझं मत आहे.

प्रश्न : ताई, मुलगा नऊ वर्षांचा आहे. एका ओळखीच्यांनी मोठ्या माणसाच्या मापाची नक्षीची फाइल दिली आहे. ती लहान करून, मूळच्या 65 टक्के मापाची छापली तर चालेल ना? – एक आई

उत्तर : नाही चालणार हो. आकार लहान होईल, पण सोबत रेषाही बारीक होतील. मोठ्या पोशाखातली 1 मिमीची रेषा मुलाच्या पोशाखात 0.65 मिमी उरेल, आणि शाई कापडात किंचित पसरते, त्यामुळे गडद रंगातली पांढरी बारीक रेषा बुजूनच जाईल. शिवाय मुलाचं अंग म्हणजे लहान केलेला मोठा माणूस नव्हे. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, खांदे अरुंद, पोट पुढे.

मुलाच्या मापाचा खाका वेगळा बेता. त्याच्या अंगावर नीट बसणारा घट्ट टी-शर्ट आणि पायजमा ठेवून उतरवलात तरी पुरे. मग फाइलमधली नक्षी तुकड्या-तुकड्याने त्यात बसवा. चिन्ह छातीच्या रुंदीच्या मानाने मोठ्यांपेक्षा थोडं मोठं ठेवा, मुलांना ते आवडतं आणि लांबूनही ओळखू येतं. जाळीच्या चौकटींची संख्या कमी करा, रेषांची जाडी मोठ्यांइतकीच ठेवा. बारीक पोत असेल तर तो काढूनच टाका.

मुलं वाढतात. मनगटाशी, घोट्याशी नक्षी 6 सेंमी जास्त छापून आत दुमडून घ्या, पुढे उसवून सोडता येते. पाठीवर झूल असेल तर ती गळ्याशी बांधू नका. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोने अशी लावा की कुठे अडकली तर आपोआप सुटेल. मुखवट्यात डोळ्यांची भोकं नक्षीतल्या डोळ्यांपेक्षा मोठी ठेवा, हुबेहूबपणा गेला तरी चालेल. आणि हे कापड पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा हा पोशाख घालून ज्योतीजवळ जायचं नाही, हे त्याला नीट समजावून सांगा.

प्रश्न : पोशाखावर बारीक षटकोनी पोत आणि स्नायूंच्या सावल्या हव्या आहेत. एका चित्रातून पोत कापून घेतला, 1000 पिक्सेल रुंद आहे. पुरेल? – ग्राफिक डिझायनर

उत्तर : 40 सेंमी रुंद छातीवर 1000 पिक्सेल पसरले तर इंचाला 63-64 पिक्सेल पडतात. कापडाला खऱ्या मापात इंचाला 150 लागतात. याहून जास्त घेऊन फायदा फारसा नाही, कारण कापडाची वीणच त्याहून बारीक तपशील धरत नाही. 150 सेंमी पन्ह्याच्या 2 मीटर कापडाला 150 च्या हिशेबाने 8858 बाय 11811 पिक्सेलची फाइल होते. 300 चा हट्ट धरलात तर चौपट पिक्सेल आणि संगणक धापा टाकणार.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. चित्रातून कापलेल्या पोतात त्या चित्रातला उजेड आधीच भरलेला असतो. एका कोपऱ्यात उजळ, दुसऱ्यात अंधार; तो तुकडा शेजारी शेजारी लावला की अंगभर चट्टे. तुम्ही डिझायनर आहात, षटकोन स्वतः काढा. एक घटक, चारही कडांना बिनजोड जुळणारा. उजेड वरून येतोय असं धरून वरची कड उजळ, खालची गडद. डावी-उजवी सारखी ठेवा, म्हणजे दोन्ही बाह्यांवर एकच घटक चालतो. मग तो मोठ्या पटावर भरून पडद्यापासून लांब जा, डोळे किलकिले करा. तिरपे पट्टे दिसले तर घटकातला एखादा गडद ठिपका चुगली करतोय.

मापाची माझी पसंती : षटकोन 4 ते 6 मिमी. 2 मिमीचा केलात तर दोन मीटरवरून सपाट रंगच दिसेल. आणि फार बारीक एकसारखा पोत कॅमेऱ्यात दगा देतो. सेन्सरची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकांत अडकून फोटोत लाटा, इंद्रधनुषी पट्टे उमटतात. नमुन्याचा तुकडा भिंतीवर टाचून वेगवेगळ्या अंतरावरून मोबाइलने टिपून बघा.

स्नायूंच्या सावल्यांत काळा मिसळू नका, मळल्यासारखं दिसतं. लालची सावली गडद लाल, निळ्याची गडद निळी, मूळ रंगापेक्षा 10-15 टक्के गडद एवढीच. कडा धुरकट सोडा. रंगमंचावर लांबून बघणाऱ्यांसाठी मी याहून धीट करीन, जवळून फोटो काढणार असाल तर याहून कमी. सावलीच्या जागा मात्र पुन्हा अंगावरूनच घ्यायच्या : कोरा पोशाख घालून छातीखालची, बरगड्यांची, पोटाची कड खडूने आखायची. दुसऱ्याच्या फाइलमधले पोटाचे स्नायू तुमच्या बेंबीच्या खाली उतरले तर हसू होईल. आत फोमचे स्नायू घालणार असाल तर सगळी मापं फोम घालूनच घ्या, आणि छापील सावल्या निम्म्या करा. खऱ्या उंचवट्यावर खरी सावली पडतेच.

आणि तुकडे थानावर बसवताना जागा वाचवायला एखादा तुकडा उलटा, डोकं खाली, ठेवला तर हरकत नाही, नक्षी त्याच्यासोबतच फिरते. पण आडवा ठेवू नका. कापड चारही बाजूंनी ताणलं जातं याचा अर्थ सारखंच ताणलं जातं असा नाही.

प्रश्न : मी तयार केलेली प्रतिकृतीची फाइल इतर चाहत्यांना विकू शकतो का?

उत्तर : मी वकील नाही आणि कायदा देशोदेशी बदलतो. पण पात्राचं चित्र आणि छातीवरचं चिन्ह यांवर त्यांच्या मालक कंपनीचा हक्क असतो, आणि स्वतःसाठी एक पोशाख शिवणं वेगळं, त्याचा धंदा करणं वेगळं. फाइलवर ‘फक्त चाहत्यांसाठी’ लिहिल्याने तो हक्क नाहीसा होत नाही. काही छपाईवाले अशी चिन्हं छापायला नकार देतात, तो त्यांचा अधिकार आहे. दुसऱ्या कुणी स्वतःपुरती छापायला म्हणून दिलेली फाइल विकणं हा तर सरळ अप्रामाणिकपणा. विकायचंच असेल तर स्वतःचा सुपरहिरो काढा. तुमचा षटकोन, तुमचे रंग, तुमचं चिन्ह. मी पहिली गिऱ्हाईक.

प्रश्न : पोशाख तयार झाला. आता जाळीच्या रेषा उठावदार करायच्या आहेत. आणि धुवायचा कसा? – अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मित्र, मार्कर माझ्याच हातात होता!

उत्तर : मार्कर धरणाऱ्याला माझा सलाम.

उठावासाठी नळीतून येणारा लवचीक रंग छापील रेषेवरून ओढायचा. पोशाख सपाट अंथरून नव्हे. फोम भरलेल्या बाहुल्यावर, अंगावर असतो तितकाच ताणून. सपाट कापडावर ओढलेली रेषा पहिल्यांदा घालतानाच तडकते. आधी रद्दीत गेलेल्या नमुन्यावर ओढा, पूर्ण वाळू द्या आणि दोन्ही हातांनी ताणून बघा. तुटली तर तो रंग बाद. हात थरथरतो अशी तक्रार येईल. नळी कापडाला न टेकवता किंचित वर धरा आणि हाताऐवजी खांदा हलवा. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे उठाव देऊच नका, तिथे छापील रेषाच राहू द्या.

चिन्ह उष्णतेने चिकटवायचं असेल तर एक धोका आहे : खालचा छापील रंग उष्णतेने पुन्हा सुटतो आणि फिक्या रंगाच्या चिकटपट्टीत चढतो. पांढरं चिन्ह आठवडाभरात गुलाबी झालेलं दिसतं. रंग अडवणारा थर असलेली पट्टी मिळते ती घ्या, नाहीतर चिन्ह शिवूनच लावा. शिवायला ताणाच्या कापडाची 75 नंबरची सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि झिगझॅग टाका. सरळ टाका घातलात तर बसताक्षणी कडकड आवाज येईल.

धुण्याचं म्हणाल तर गार पाणी, सौम्य साबण, हाताने. ब्लीच नको. गरम इस्त्री तर नकोच. रंग इस्त्रीला आणि इस्त्रीच्या कापडाला लागतो. पोशाख उलटा करून, चेन लावून धुवा, उघड्या चेनचे दात उठावाच्या रेषा ओरबाडतात. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर ओल्या वजनाने बाह्या लांबतात.